धक्क्याला बांधलेली बोट

नवी घेतलेली शिडाची बोट धक्क्याला बांधलेली असते तेव्हा तिच्याकडे बघतच राहावंसं वाटतं. नवी म्हणजे आपल्यासाठी नवी. बहुतेकदा ती कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं वापरलेली असते, आणि विकायला काढल्यापासून, किंवा त्याच्याही आधीपासून, फारशी जागची हललेली नसते. गाद्या धुतलेल्या असतात, पितळ चकचकीत असतं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. मग ती जिथे घेतली तिथून जिथे ठेवायची तिथपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने न्यायचं ठरतं. शे-दीडशे मैल, नवखी माणसं, अनोळखी बोट आणि सुट्टीचे मोजके दिवस.

धक्क्याला उभ्या बोटीत दोष दिसत नाहीत, कारण तिथे तिच्यावर कसलाच ताण नसतो. दोष झोपलेले असतात. समुद्रात बोट कलते, आपटते, तासन्‌तास हलत राहते, तेव्हा ते उठतात, आणि एक उठला की शेजारच्यालाही उठवतो. म्हणून पहिल्या प्रवासाचं खरं काम अंतर कापणं हे नाहीच. हे दोष आपण ठरवलेल्या वेळी, आपण ठरवलेल्या जागी, एकेक करून उठवायचे, समुद्राने सगळे एकदम उठवण्याच्या आत.

डिझेलच्या टाकीचंच बघा. अर्धवट भरलेली टाकी वर्षानुवर्षं तशीच राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पाणी होऊन तळाशी उतरते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळ थरात सूक्ष्मजीव वाढतात, मरतात, आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ साचत जातो. इंजिनाला जाणारी नळी तळापासून थोडी वर असते. त्यामुळे धक्क्याला दहा मिनिटं इंजिन चालवून बघितलं तर वरचं स्वच्छ डिझेल जातं आणि सगळं छान वाटतं. बाहेर लाटांत टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो. इंजिनाचा आवाज आधी खाली जातो, क्षणभर सावरतो, पुन्हा खाली जातो आणि बंद पडतो. हे बहुतेक वेळा बंदराच्या तोंडाशीच होतं. तिथे पाणी उथळ होतं म्हणून लाटा सगळ्यात उंच आणि आखूड असतात, आणि नेमकी तिथेच शिडं उतरवून सगळी भिस्त इंजिनावर ठेवलेली असते.

यावरचा उपाय निघण्याआधीचा आहे. टाकीच्या अगदी तळातून हातपंपाने लिटरभर डिझेल काढून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचं. सकाळी खाली पाण्याचा थर आणि मध्ये काळी साय दिसली तर टाकी उघडून हाताने साफ करायची. नुसतं औषध ओतून भागत नाही, कारण मेलेला गाळ टाकीतच राहतो. टाकीजवळचा पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि इंजिनावरचा बारीक फिल्टर दोन्ही नवे घालायचे. पहिल्याचे तीन आणि दुसऱ्याचा किमान एक सुटा बरोबर ठेवायचा. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन चालत नाही. बारीक फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, डिझेल पंपाची हाताने चालवायची पट्टी दाबत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मग हेच पुढच्या पंपाच्या स्क्रूवर. बऱ्याच नव्या इंजिनांत हवा आपोआप निघते, आपलं कुठलं आहे ते पुस्तिकेत आधीच बघून ठेवावं. हे काम धक्क्याला शांतपणे दोनदा करून बघा, दुसऱ्यांदा फक्त टॉर्चच्या उजेडात.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर वारंवार फिरवत राहिलं तर समुद्राचं थंड करणारं पाणी एक्झॉस्टमध्ये साचत जातं. ते बाहेर फेकायला इंजिनाचा धूर नसतो. भरत भरत ते उलटं सिलिंडरमध्ये शिरलं तर इंजिन कायमचं गेलं. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर थंड करणाऱ्या पाण्याचा तळातला वॉल्व्ह बंद करायचा, आणि इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी उघडायचा. उघडायला विसरलात तर आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं रबरी चाक, कोरडा फिरून मिनिटाभरातच फाटू शकतो. तोही एक सुटा लागतोच.

तळाच्या वॉल्व्हचा विषय निघालाच आहे. बोटीच्या पाण्याखालच्या भागाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात: इंजिनाचं पाणी, संडास, सिंक. प्रत्येकावर वॉल्व्ह आणि त्यापुढे रबरी पाइप. २५ मिलिमीटरचा एक पाइप पाण्याखाली अर्ध्या मीटरवर निसटला तर मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी आत येतं. पंपाच्या डब्यावर याच्या दुप्पट आकडा छापलेला असतो, पण तो नळी लहान, चढ शून्य आणि बॅटरी पूर्ण भरलेली धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात निम्मं पाणी फेकलं तरी पंप चांगला म्हणायचा. तेव्हा निघण्याआधी प्रत्येक वॉल्व्ह हाताने पूर्ण उघडून-बंद करून बघा. जो हलत नाही तो बोट पाण्याबाहेर काढून बदला, जोर लावू नका, दांडा तुटून येतो. धातू खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर पितळातलं जस्त निघून गेलेलं आहे, उरलेला धातू बिस्किटासारखा ठिसूळ. जिथे पाइपाला जागा आहे तिथे एकाऐवजी दोन क्लॅम्प, आणि प्रत्येक वॉल्व्हशेजारी त्याच मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून. खुंट्या एकाच डब्यात ठेवू नका; पाणी घोट्यापर्यंत आलं असताना डबा शोधायला वेळ नसतो.

डोलकाठी उभी राहते ती तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांवर. या तारा तुटतात त्या सहसा मध्ये नाही, टोकाला, जिथे तार फिटिंगमध्ये शिरते तिथे. कापसाचा बोळा तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. एकही धागा अडकला तर आतली एक तार तुटलेली आहे आणि बाकीच्या रांगेत उभ्या आहेत. फिटिंगवर केसासारखी उभी चीर दिसते का ते भिंगाने बघा. तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्या डेकमधून आत जातात तिथे तपकिरी डाग असेल तर पट्टी काढून बघायलाच हवी. स्टेनलेस स्टीलला न गंजण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि ओल्या लाकडात दाबलेल्या भागाला तो मिळत नाही. बाहेर चकाकणारी पट्टी आतून अर्धी खाल्लेली निघते. तारा किती जुन्या आहेत हे आधीच्या मालकाला सांगता आलं नाही तर त्या १० वर्षांहून जुन्या आहेत असं धरून चाला.

एवढं झालं की पहिले तीन-चार दिवस बंदरातच, किंवा तासाभरात परत येता येईल इतक्याच अंतरावर घालवावेत. हे दिवस वाया जातात असं वाटतं, पण मला तर संपूर्ण प्रवासात याच दिवसांची किंमत सगळ्यात जास्त वाटते. मोकळ्या पाण्यात इंजिन न्यूट्रलला टाकून बोट किती अंतरावर थांबते ते मोजायचं. रिव्हर्स टाकल्यावर मागची बाजू कुठे सरकते ते बघायचं. पाण्याखालचा पंखा एका दिशेने फिरत असल्याने ती सहसा सरळ मागे जात नाही, आणि ही खोड माहीत असली तर तीच धक्क्याला लागताना कामाला येते. मग ८ ते १० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल; इथले सगळे मैल सागरीच) वाऱ्यात शिडं वर काढायची, आणि गरज नसताना मोठं शीड आखडायचं. रीफ करणं म्हणतात ते हेच. समुद्रात ज्या दिवशी ते पहिल्यांदा लागेल त्या दिवशी ते पहिल्यांदा करायचं नसतं.

रीफ करण्याचा क्रम प्रत्येक बोटीवर थोडा वेगळा, पण गाभा एकच. बोट वाऱ्याच्या रोखाने जवळजवळ ४५ अंशांवर आणायची. बूमला, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याला, खाली ओढणारा दोर सैल सोडायचा, हे विसरलं की पुढचं काहीच होत नाही. मग मोठ्या शिडाची शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करणारा दोर, सोडायची, शीड फडफडू द्यायचं. बूम डोक्यावर पडू नये म्हणून तिला वरून धरणारा दोर ताणून घ्यायचा. शीड चढवणारा दोर, हॅलयार्ड, ठरलेल्या खुणेपर्यंत खाली द्यायचा; ही खूण आधीच रंगीत धाग्याने शिवून ठेवा. शिडाच्या पुढच्या कडेचं कडं बूमच्या मुळाशी असलेल्या आकड्यात अडकवायचं, आणि हॅलयार्ड पुन्हा चांगला कडक ताणायचा. त्यानंतरच मागच्या कडेचा रीफचा दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरकावर, घेऊन कडं बूमला टेकेपर्यंत ओढायचं. शेवटी शीट घ्यायची, बूमला धरणारा दोर सैल करायचा. नवख्यांची चूक ठरलेली असते: मागचं आधी ओढतात, पुढची कड ढिली राहते, शिडाला पोट सुटतं आणि बोट आधीपेक्षा जास्त कलते. दुसरी चूक म्हणजे मधल्या बारीक दोऱ्या घट्ट आवळणं. त्या फक्त लोंबतं कापड गुंडाळून ठेवण्यासाठी असतात. त्यांच्यावर ताण आला की शीड नेमकं त्याच रेषेत फाटतं.

रीफ कधी करायचा याचं उत्तर वाऱ्याच्या गणितात आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा २० नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. यात आणखी एक फसवणूक दडलेली असते. १५ नॉटचा वारा पाठीमागून घेत आपण ५ नॉटने चाललो आहोत. अंगाला लागतो तो १० नॉटचा, ऊन छान, सगळे खुशीत. अशा वेळी काही कारणाने वाऱ्याकडे वळावं लागलं की तोच वारा १९-२० नॉटचा लागतो. हवामान तसूभरही बदललेलं नसतं, आणि तरी बोटीवर चौपट भार येतो. म्हणून वारा पाठीशी असताना शिडांचा निर्णय अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून घेऊ नये. त्यात आपला वेग मिळवावा आणि मग ठरवावं. हवामानाच्या अंदाजातला आकडाही सरासरीचा असतो. झोत त्याहून सहज ४० टक्क्यांपर्यंत वर जातात. लाटांची दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट तिच्या दुप्पटही येते.

आता वेळेचं. ९ मीटरची बोट इंजिनावर ६ नॉट जाते म्हणून ६० मैल म्हणजे १० तास, असं कागदावर मांडलं जातं. मांडताना ४.५ नॉट धरावेत. आणि वारा समोरून असला तर शिडाची बोट सरळ जातच नाही, नागमोडी जाते. दोन्ही बाजूंना ४५ अंश धरले तरी २० मैलांचे २८ होतात, आणि लाटांनी बाजूला ढकललं जातं ते वेगळंच. पहिल्या टप्प्याला २० ते २५ मैल पुरे. उजेड असतानाच पोचायचं, आणि उजेड संपायच्या निदान तीन तास आधी पोचण्याचा बेत करायचा, म्हणजे उशीर झाला तरी अंधार गाठणार नाही.

सुट्टीच्या मोजक्या दिवसांचा उल्लेख सुरुवातीला केला तो यासाठी. सोमवारी कामावर हजर व्हायचंय, हा एक विचार शुक्रवारी नको त्या हवेत बोट बाहेर काढायला लावतो. बोट मध्येच एखाद्या बंदरात दोन आठवडे सोडून गाडीने परत जायची तयारी आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असले, की हवेचा अंदाज वाचताना डोळे खरं तेच वाचतात.

किनारा दिसत असला की धीर वाटतो. पण बोट फुटते ती किनाऱ्यावरच. वारा किनाऱ्याकडे वाहत असताना मैलभरावर इंजिन बंद पडलं आणि बोट २ नॉटने वाहू लागली, तर हातात अर्धा तास असतो. तेवढ्यात शिडं चढवायची, नाहीतर नांगर टाकायचा. तेच ५ मैल बाहेर झालं तर अडीच तास मिळतात, आणि त्यात फिल्टर दोनदा बदलून होतो. म्हणून मोकळ्या किनाऱ्यावरून जाताना बाहेरून जावं. आणि हवा बिघडली तर अनोळखी बंदरात शिरण्याची घाई करू नये. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून मोठ्या लाटा येत असतील, तर खाडीच्या तोंडावर त्या उभ्या राहून फुटतात. बाहेरून आपल्याला त्यांच्या पाठी दिसतात, म्हणून त्या लहान वाटतात.

भरती-ओहोटीचा हिशोब बाराव्या हिश्शांनी धरतात: सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा हिश्शांनी चढतं-उतरतं. फरक ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, तिसऱ्या आणि चौथ्यात ९०-९०. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं, आणि प्रवाहही तेव्हाच सगळ्यात जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक मोठा, अष्टमीच्या भांगाला कमी. उतरत्या पाण्यात वाळूवर टेकलात तर पुढचे कित्येक तास तिथेच, चढत्यात टेकलात तर थोड्याच वेळात सुटका. उथळ जागी जायचंच असेल तर अर्ध्या भरतीनंतर जावं.

नकाशा पडद्यावर असेल तर ठरवलेला सगळा मार्ग एकदा पूर्ण मोठा करून, टोकापासून टोकापर्यंत सरकवत बघावाच. लहान करून बघितला की खडक पडद्यावरून नाहीसे होतात. २०१४ साली जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली एक बोट हिंदी महासागरात कार्गादोस काराहोस या प्रवाळांवर रात्री चढली. खलाशी जगातले निवडक होते, सगळे वाचलेही, पण नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता.

मोठ्या जहाजाबद्दल एकच सवय लावून घ्या. ते दिसलं की होकायंत्रावरून त्याची दिशा घ्यायची, तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायची. दिशा तीच आणि जहाज मोठं होत चाललेलं, म्हणजे टक्कर ठरलेली. २० नॉटचं जहाज आणि ५ नॉटची आपली बोट समोरासमोर असतील तर ६ मैलांचं अंतर चौदा-पंधरा मिनिटांत संपतं. शिडाच्या बोटीला वाट देतात हे ऐकून निर्धास्त होऊ नका. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अरुंद जलमार्गातच सुरक्षित राहू शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडवायचं नसतं, आणि शिडं वर असली तरी इंजिनाने चालत असाल तर तुम्ही इंजिनाचीच बोट.

दुसऱ्याकडून घेतलेल्या बोटीत एक गोष्ट हमखास राहून जाते. रेडिओतला नऊ आकडी ओळख क्रमांक आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकटसंदेश पाठवणारा बीकन जुन्या मालकाच्याच नावावर नोंदलेले असतात. तुम्ही बटण दाबाल तेव्हा शोधपथकाचा फोन त्याच्या घरी जाईल, आणि तो सांगेल, बोट तर मी विकली. नोंदणी बदलल्याशिवाय दोर सोडू नका. चॅनल १६ वर संकटात काय बोलायचं ते मोठ्या अक्षरात लिहून रेडिओशेजारी चिकटवा: मेडे (ही संकटाची हाक) तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग पुन्हा मेडे आणि नाव एकदा, त्यानंतर अक्षांश-रेखांश, काय झालंय, कोणती मदत हवी, माणसं किती.

माणूस पाण्यात पडला तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं, तेही मधूनमधून. त्याच्यापर्यंत परत पोचणं जमतं, वर घेणं जमत नाही. भिजलेला, दमलेला माणूस मीटरभर उंच काठावर दोघांच्या हातांनी ओढला जात नाही. त्याच्या पट्ट्याला हॅलयार्ड अडकवून विंचवर उचलावं लागतं. हॅलयार्ड तिथवर पोचतो का, विंचला तेवढा जोर आहे का, हे धक्क्याला करून बघता येतं. लाइफ जॅकेटची मांड्यांखालची पट्टी लावलेली नसेल तर फुगलेलं जॅकेट वर जातं आणि माणूस खाली.

बोट सोडून तराफ्यात जाण्याचा विचार मात्र शेवटचा. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या होत्या, वादळात १५ स्पर्धक दगावले. माणसांनी २४ बोटी सोडून दिल्या. त्यातल्या पाचच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगत सापडल्या. बोट माणसापेक्षा जास्त सोसते. आणि माणूस पहिल्या दिवशी बहुधा थकण्याआधी मळमळीने आडवा होतो. गोळी उलटी यायला लागल्यावर पोटात टिकत नाही, ती आदल्या रात्री आणि निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. नकाशा वाचता येणारं माणूस एकच असेल तर पहिल्या टप्प्याला ते खाली केबिनमध्ये जाणार नाही अशी व्यवस्था ठेवा.

मुक्कामाला पोचलात की नांगर. खोली ४ मीटर, बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर वर, अजून २ मीटर भरती यायची: सात. साखळी असेल तर याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर. बराचसा दोर असेल तर सातपट, ४९. नांगर फेकायचा नाही, सोडायचा. बोट मागे सरकत असताना साखळी तळावर पसरत जायला हवी, ढीग झाला तर नांगर त्यातच गुंततो. सगळी सोडून झाली की रिव्हर्समध्ये हळूहळू जोर वाढवायचा आणि साखळीवर हात ठेवायचा. नांगर रुतला असेल तर ती ताठ, स्थिर लागते. घसरत असेल तर थरथर तळहाताला कळते. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

इंजिन बंद केल्यावर बिल्जचं, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या खोलगट भागाचं, झाकण उघडा. सकाळी ते पुसून कोरडं केलेलं असेल तर आता जे पाणी आहे ते आजचं आहे. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावा. गोडं लागलं तर पिण्याच्या टाकीचा कुठलातरी जोड हलला. खारट लागलं तर टॉर्च घ्या आणि पंख्याचा दांडा जिथे तळातून बाहेर जातो तिथून सुरुवात करा, मग एकेक वॉल्व्ह, मग सुकाणूची नळी, प्रत्येक ठिकाणी कोरडा कागद टेकवून. ओला झालेला कागद कुठला ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.